मिटलं आणि फिटलं

दिशाचा नर्सिंग कॉलेजात नंबर लागला त्याच आठवड्यात झड बसली. मातोरीच्या शिवारात ऊन कुणी पाहिलं नव्हतं. गोटीराम काकडाच्या वावरात बिजलीच्या फुलांचा तोडा आला होता. ओली फुलं तोडली की बाजारात जाईपर्यंत काळी पडतात आणि नाही तोडली तर झाडावरच सडतात. म्हणून सगळं घर तोडत होतं. डोक्यावर खताच्या गोणीच्या खोळी घेऊन गोटीराम, त्याची बायको सुवर्णा आणि मुलगी दिशा एकेका सरीला लागले होते. म्हातारी आक्काबाई बांधावर छपराखाली बसून डागाळलेली फुलं निवडून टाकत होती. सुवर्णाच्या बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती. देठ मोडताना नखाखाली झोंबायचं, तशी ती बोटं तोंडाशी नेऊन फुंकायची आणि पुन्हा वाकायची.

"बँकेचं काय म्हनं?" आक्काबाईनं छपरातून विचारलं.

"येईल फोन," गोटीराम म्हणाला.

"कवा यायचा? पंधरवडा सरला."

सदऱ्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल गोटीरामनं वरूनच चाचपला.

कागद देऊन दोन आठवडे होऊन गेले होते. बँकेचे मॅनेजर गायधनी साहेब भला माणूस. त्यांच्या घरची माणसं रामकुंडावर पिढ्यान्‌पिढ्या यजमानकृत्य करायची, हे मात्र नोकरीत शिरले. दिशाचे बारावीचे मार्क बघून ते म्हणाले होते, "मुलीला शिकवताय, फार चांगलं. शैक्षणिक कर्जाला गहाण लागत नाही. मुलीची सही आणि तिच्याबरोबर तुमची." त्या दिवशी गोटीराम बँकेतून निघाला तो थेट शिवाजी रोडला गेला आणि दिशासाठी पांढरे बूट घेऊन आला. कॉलेजला पांढरे बूट लागतात असं तिनं कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं.

फोन आला तेव्हा हात चिकानं भरलेले होते. दिशानंच पिशवी सोडून फोन बापाच्या कानाला लावला. पलीकडून गायधनी म्हणाले, "काकड, आज येऊन जाता का? समोरासमोर बोललेलं बरं."

"सही ऱ्हायली का काय एखादी?" फोन ठेवल्यावर सुवर्णानं विचारलं.

"आसंल," गोटीराम म्हणाला.

---

गोटीरामनं हौदावर पाय घासून धुतले. टाचांच्या भेगांतला चिखल तरीही निघाला नाही. टेम्पोत जागा धरून तो शहरात आला. बँकेतल्या गुळगुळीत फरशीवर त्याच्या वहाणांचे ओले ठसे उमटले. शिपायानं आधी ठशांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. गोटीराम बाकावरून उठून भिंतीला टेकून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं गायधनींनी आत बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काकड, तुमच्या नावावर आधीचं काही कर्ज होतं का?"

"पीककर्ज, तुमच्याच बँकेचं. दर साल भरतो. तुमीच बघा की."

"ते व्यवस्थित आहे. दुसरं? एखादी गाडीबिडी?"

गोटीराम आठवू लागला. "व्हती. भावासाठी मोटरसायकल घेतली व्हती. फायनान्सवर. त्याला लय वर्सं झाली. ते मिटलं."

"तेच निघालंय."

"काय निघालंय?"

गायधनींनी खुर्ची जरा पुढं ओढली. "मुंबईत एक कंपनी आहे, तिला सिबिल म्हणतात. सगळ्या बँका, फायनान्सवाले तिथं कळवत असतात. कुणी कर्ज घेतलं, हप्ता वेळेवर भरला का, उशीर किती झाला, सगळं. त्यावरून माणसाला एक आकडा पडतो. नवं कर्ज मागायला कुणी आलं की आम्ही आधी तो बघतो. चांगला असला तर फाइल पुढं जाते, नाहीतर अडते."

"मार्कांसारखं?"

"मार्कांसारखंच म्हणा."

"मंग मी नापास?"

गायधनींनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडं वळवला. सगळं इंग्रजीत होतं. गोटीरामला त्यात फक्त स्वतःचं नाव ओळखू आलं. त्या नावाखाली कुठंतरी मुंबईत आपली एवढी माहिती कुणीतरी ठेवून बसलं आहे, याचंच त्याला नवल वाटलं. गायधनींनी एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे बघा. 'सेटल्ड'. म्हणजे पूर्ण पैसे न घेता कंपनीनं तडजोड केली."

"हां. सेटलमेंट. त्यांनीच केली. त्यांचाच मानूस घरी आला व्हता. म्हनला, येवढे येकरकमी भरा, बाकीचे सोडले. मी भरले. कागद बी दिला त्यांनी. मिटलं ते."

"काकड, मिटलं. फिटलं नाही." गायधनी हळू आवाजात म्हणाले. "फिटलं असतं तर इथं 'क्लोज्ड' आलं असतं. 'सेटल्ड' म्हणजे कंपनीचे पैसे बुडाले आणि ते तुमच्यामुळं बुडाले, असा त्याचा अर्थ. त्याआधी चार-सहा हप्ते थकलेले तेही दिसतायत."

"पन सोडले त्यांनी, सायेब. मी नव्हतो म्हनलो सोडा."

"मला पटतंय तुमचं. पण फाइल वरच्या ऑफिसला जाते. तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही. तिथं आकडाच बघतात."

गोटीराम पडद्याकडं बघत राहिला. बाहेर काउंटरवर नोटा मोजायचं यंत्र फडफडत होतं.

"मंग आता?"

"त्या फायनान्सवाल्यांकडं जा. सोडलेली रक्कम भरता येते का विचारा. पूर्ण फिटल्याचा दाखला आणा. मी प्रयत्न करतो."

---

मोटरसायकल कुंदनची. कुंदन गोटीरामचा धाकटा भाऊ. अंबडच्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडं लागला होता. पहाटेची पाळी असायची आणि त्या वेळी मातोरीहून गाडी मिळायची नाही. सातबारा गोटीरामच्या नावावर म्हणून फायनान्सवाल्यांनी गोटीरामची सही मागितली. तोही हौसेनं गेला, द्वारका चौकाजवळच्या दुकानात हार घालून गाडी आणली. पुढं ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदारानं स्वतःची माणसं आणली आणि कुंदन घरी बसला. हप्ते थकले.

वसुलीची माणसं आली तेव्हा वावरात मेथी काढायला बायका लावल्या होत्या. त्या सगळ्यांच्या देखत एकानं गोटीरामच्या छातीवर बोट टेकवून विचारलं होतं, "भरायची दानत नाही तर घेतली कशाला?" आक्काबाईनं त्यांच्यासाठी चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. नंतर एक समजूतदार माणूस आला. त्यानं चहा घेतला, गोठ्याकडं बघून म्हैस छान आहे म्हणाला आणि सेटलमेंटची वाट दाखवली. "एकदाच भरा काका, विषय संपवून टाका. परत कुणी दारात येणार नाही." म्हैस त्याच आठवड्यात विकली गेली. पैसे भरल्यावर त्या माणसानं गोटीरामचा हात हातात घेऊन हलवला होता. घरी येऊन गोटीराम सगळ्यांसमोर म्हणाला होता, "झालं. कोनाचं काय ठेवलं नाय आपुन."

त्यानंतर खरोखरच कुणी दारात आलं नव्हतं.

---

द्वारकेला तो दिशाला घेऊन गेला. अर्ज लिहावा लागला तर ती लिहील म्हणून. दुकान होतं तिथं आता टायरचा व्यापारी होता. चौकात ट्रकांची रांग लागलेली, मुंबईकडच्या गाड्या आणि पुण्याकडच्या गाड्या एकमेकींवर भोंगे वाजवत होत्या. विचारत विचारत त्यांना फायनान्सचं ऑफिस एका जिन्यावरच्या मजल्यावर सापडलं. आत दोन-तीन मुली कानाला यंत्र लावून एकसारख्या बोलत होत्या. त्यातली एक दिशाच्याच वयाची असावी. तिनं नंबर विचारला, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं.

"हो सर, आहे. सेटल्ड अकाउंट. तुम्हाला क्लोज करायचं असेल तर वेव्ह केलेली, म्हणजे सोडलेली रक्कम भरावी लागेल. प्लस चार्जेस."

"किती?"

मुलीनं आकडा सांगितला. गोटीरामला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दिशानं पुन्हा विचारलं. आकडा तोच होता. गाडी नवी घेतली तेव्हा तिची निम्मी किंमतही एवढी नव्हती. पण कॉलेजची फी याच्याही कितीतरी पट होती.

"बाई, तुमचाच मानूस आला व्हता घरी. त्यानं सांगितलं, विषय संपला."

"ते एजन्सीवाले असतात सर. ते आमचे नसतात."

"तुमच्या नावानं आला व्हता."

"हो सर, पण एजन्सी वेगळी असते." ती उद्धटपणे बोलत नव्हती. रोज कुणालातरी हेच सांगावं लागत असावं तशी सांगत होती.

"पूर्ण भरले तर लगेच नाव साफ होईल ना?" दिशानं विचारलं.

"दाखला आम्ही इथून देऊ आठवड्यात. पण रेकॉर्ड बदलायचं हेड ऑफिसवरून जातं. तिथून पुढं अपडेट व्हायला दीड-दोन महिने धरा."

"माझी ॲडमिशनची शेवटची तारीख या महिन्याअखेर आहे."

मुलगी क्षणभर दिशाकडं बघत राहिली. मग तिच्या कानातल्या यंत्रात कुणीतरी बोलायला लागलं आणि ती दुसरीकडं वळली. "येस सर, बोला सर."

जिना उतरताना दिशा म्हणाली, "नाना, नका भरू. दोन महिन्यांनी होणार असेल तर काय उपयोग?"

"दाखला तर मिळंल आठवड्यात. सायेब म्हनले ना, दाखला आना."

"ते म्हणाले प्रयत्न करतो."

"मंग करतील की."

चौक ओलांडताना त्यानं तिचा दंड धरला. ती लहान असताना धरायचा तसाच घट्ट. तिनं सोडवून घेतला नाही.

---

सुवर्णानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं नाव खराब झालंय ना? मंग माझं लावा. मी सही करते पोरीबरोबर."

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फुलं बाजारात घातल्यावर ती दोघं तशीच बँकेत गेली. सुवर्णाच्या लुगड्याला बिजलीच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पदर दोन्ही हातांनी धरून.

गायधनींनी तिचं नाव घातलं, जन्मसाल विचारलं. ते तिला नीट सांगता आलं नाही, रेशनकार्डावरून घेतलं. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली.

"ताई, तुमच्या नावावर जमीन?"

"नाय."

"कधी बँकेचं कर्ज? सोनंतारण?"

"बचत गटात हाय मी. घेते, फेडते. येक बी हप्ता चुकला नाय."

"ते गटाच्या नावावर असतं. तुमचं वेगळं लागत नाही त्यात." गायधनींनी पुन्हा पडद्याकडं पाहिलं. "इथं तुमच्याबद्दल काहीच नाही."

"म्हंजी चांगलं ना? खराब नाय काय."

"खराब नाही. पण चांगलंही नाही. काहीच नाही. कुणी विचारलं ही बाई फेडील का, तर सांगायला काही नाही."

सुवर्णाला ते कळायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "सायेब, लगीन होऊन आले तवापासून मी बाजारात उभी ऱ्हाते. पोटुशी असताना बी गेले. फूलबाजारात कोनालाबी इचारा, काकडाची सुवर्णा कशी हाय. कोनाची पावलीसुदीक बुडवली नाय मी." तिचा आवाज चढला तसा बाहेरचा शिपाई काचेतून डोकावला. "आन तुमच्या त्यात मी नायच?"

गोटीराम म्हणाला, "चल."

ती उठली. दाराशी जाऊन तिनं खुर्चीकडं वळून बघितलं. गादीवर दोन-तीन जांभळ्या पाकळ्या पडल्या होत्या. ती मागं आली, त्या वेचून मुठीत घेतल्या आणि मग गेली.

---

कुंदन रविवारी आला. तो आता दिंडोरीकडं एका द्राक्षबागायतदाराकडं ट्रॅक्टर चालवायचा, बागेतच राहायचा. फवारणीच्या औषधानं त्याच्या हातांची सालपटं निघाली होती. सुवर्णानं दिलेला चहा त्यानं उंबऱ्यावरच ठेवला. त्यावर साय धरली तरी तो प्याला नाही.

"मला वाटलं दादा, ते मिटलं."

"मला बी तेच वाटलं."

"माझ्यापायी झालं."

"कोन म्हनतंय तसं?"

"कोनी म्हनायला कशाला पायजे?" कुंदन एकदम ओरडला. आतल्या खोलीत दिशा होती, तिला ऐकू गेलं असावं, कारण भांड्यांचा आवाज थांबला. कुंदननं आवाज खाली घेतला. "गाडी इकतो मी. उद्याच इकतो."

"तिचं काय येनार आता?"

"येईल ते."

आक्काबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. ती म्हणाली, "इकू द्या त्याला. नायतर त्याला भाकर गोड लागायची नाय."

गाडीचं फार काही आलं नाही. बाकीसाठी गोटीराम आडत्याकडं गेला. फूलबाजारातला हा आडत्या त्याचा माल वर्षानुवर्षं घेत होता. त्यानं पैसे लगेच दिले. फक्त एवढंच म्हणाला, "दसरा-दिवाळीचा झेंडू माझ्या गाळ्यावर उतरवायचा, गोटीराम. भाव मी लावीन." गोटीरामनं मान हलवली. या माणसानं मुंबईला कुणाला विचारलं नव्हतं. पण दसऱ्याचा सगळा झेंडू त्याच्या घशात गेला होता.

त्या दिवशी झेंडूच्या वाफ्यात खुरपताना सुवर्णानं गवताबरोबर दोन चांगली रोपं उपटली. आक्काबाईनं ते पाहिलं आणि रोपं उचलून पुन्हा मातीत खोचून ठेवली.

पैसे भरले. दाखला आठवड्यात म्हणाले होते, तो थोडा उशिरानं मिळाला, कारण सही करणारे साहेब रजेवर होते. गोटीराम रोज फुलं घालून झाली की जिना चढायचा आणि उतरायचा. शेवटी दाखला हातात आला तेव्हा तो पावसात भिजू नये म्हणून त्यानं बंडीच्या आत पोटाशी ठेवला आणि बँकेपर्यंत चालत गेला. टेम्पोच्या गर्दीत तो चुरगळेल अशी त्याला भीती वाटली.

गायधनींनी कागद वाचला. मग त्यांनी कॉम्प्युटरवर पुन्हा नाव घातलं. गोटीराम पडद्याकडं न बघता त्यांच्या तोंडाकडं बघत होता. त्यामुळं त्याला आधीच कळलं.

"अजून जुनंच दिसतंय. त्यांनी तिकडं कळवलेलं नाही."

"पन कागद हाय ना. शिक्का हाय."

"मी हा जोडतो. शिफारस लिहितो. वर फोनही करतो." गायधनींनी त्याच्यासमोरच फोन लावला. बराच वेळ ते बोलत होते. "मुलगी हुशार आहे... हो, मी स्वतः ओळखतो... हो, ते मला दिसतंय, पण..." पुढं ते फक्त "बरं, बरं" म्हणत राहिले. फोन ठेवून त्यांनी हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले. "रेकॉर्ड बदलल्यावर पाठवा म्हणाले."

"तारीख परवा हाय, सायेब."

"मला माहीत आहे."

"तुमी मॅनेजर हाये ना?"

गोटीरामनं हे भांडायचं म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. गायधनींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हो," ते म्हणाले, "पण मंजुरी माझ्या हातात राहिलेली नाही."

---

कॉलेजच्या क्लार्कनं चार दिवस मुदत वाढवून दिली. गोटीराम पाया पडलेला बघून दिली असेल, कारण तो खरोखरच वाकला होता आणि दिशानं त्याला दंडाला धरून उठवलं होतं. चार दिवसांत काही झालं नाही. नातलगांकडं गोटीराम फिरला, पण झडीनं सगळ्यांचाच माल वावरात बसला होता. पाचव्या दिवशी प्रतीक्षायादीतल्या मुलीचं नाव फळ्यावर लागलं. दिशानं ते वाचलं. परत येताना तिनं बापाला एवढंच विचारलं, "बूट परत घेतील का ते? अजून घातले नाहीत."

"ऱ्हाऊ दे," गोटीराम म्हणाला.

ती रडली नाही. घरी येऊन तिनं खोळ घेतली आणि आईच्या शेजारच्या सरीला लागली. सुवर्णा मात्र त्या दिवशी फुलं तोडता तोडता मध्येच खाली बसली, चिखलातच, आणि उठेना. आक्काबाई छपरातून ओरडत होती, "काय झालं गं? काय चावलं का?"

गणपतीच्या सुमारास गोटीराम बँकेत पीककर्जाच्या कामाला गेला होता. गायधनींनी काचेतून बघून त्याला स्वतः बाहेर येऊन आत नेलं.

"काकड, झालं बघा. 'क्लोज्ड' आलंय."

"आलं?"

"कालच बघितलं मी. मुद्दाम बघत होतो."

"मंग आता नापास नाय ना मी?"

गायधनी हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही. "आकडा थोडा वर गेलाय. अजून आमच्या रेषेच्या खालीच आहे. जुने थकलेले हप्ते काही वर्षं दिसत राहतात."

"वर कसा जातो मंग त्यो?"

"कर्ज घेऊन वेळेवर फेडत गेलं की हळूहळू जातो."

"आन आकडा खाली हाय म्हनून कर्ज मिळायचं नाय."

"हो," गायधनी म्हणाले. "मोठं मिळायचं नाही. पीककर्ज भरत राहा. त्याचा होईल उपयोग."

"पुढल्या साली जमंल पोरीचं?"

"बघू. सांगता येत नाही मला."

गोटीरामनं त्यांना नमस्कार केला. त्या माणसाचा राग त्याला धरता येत नव्हता. फायनान्समधल्या मुलीचाही नव्हता, आणि कुंदनचा तर नव्हताच. घरी जाताना टेम्पोत कुणीतरी पाय तुडवला म्हणून तो एका अनोळखी म्हाताऱ्याच्या अंगावर धावून गेला. शेजारच्यांनी त्याला आवरलं. म्हातारा घाबरून माफी मागत राहिला.

---

पितृपक्षात दिशा कामाला लागली. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात आयाची जागा होती. तिनंच ती शोधली आणि सगळं ठरल्यावर घरात सांगितलं.

"तिथं आम्हाला मावशी म्हणतात," तिनं पहिल्या दिवशी परत आल्यावर आजीला सांगितलं. "साठीचे पेशंटसुद्धा मला मावशी म्हणतात, आजी."

आक्काबाई हसली. मग दिशाही हसली. सुवर्णा चुलीपुढं पाठ करून बसली होती, ती वळली नाही.

सकाळी गोटीराम फुलांच्या टेम्पोतूनच दिशाला घेऊन जायचा. ती पाट्यांच्या मधे बसायची आणि दवाखान्याच्या कोपऱ्यावर उतरायची. एक दिवस ती घाईत उतरली आणि डबा टेम्पोतच राहिला. माल उतरवून झाल्यावर गोटीरामच्या ते ध्यानात आलं. डबा घेऊन तो चालत दवाखान्यात गेला. दारावरच्या माणसानं कुणाला भेटायचंय विचारलं. गोटीरामनं मुलीचं नाव सांगितलं, त्याला कळलं नाही. मग कुठलं काम ते सांगितलं, तेव्हा त्यानं बोटानं आतला बोळ दाखवला.

बोळाच्या तोंडाशी गोटीराम थांबला. दिशा पलीकडच्या टोकाकडून फरशी पुसत मागं मागं येत होती. हिरवा झगा तिला मोठा होत होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या होत्या. बादलीतलं पाणी गढूळ झालं होतं. जिन्यावरून पोरींचा घोळका खाली उतरला. सगळ्या पांढऱ्या गणवेशात, छातीशी वह्या धरलेल्या. कॉलेजनं त्यांना दवाखाना दाखवायला आणलं असावं, कारण पुढं चाललेली बाई काहीतरी समजावत होती. दिशा उठली आणि बादली पायानं भिंतीशी सरकवून स्वतःही भिंतीला चिकटून उभी राहिली.

पोरी जाऊ लागल्या. मधलीच एक थबकली.

"दिशा? तू दिशा काकड ना? आपण ज्युनिअरला..."

"कडेकडेनं जा," दिशा म्हणाली. "फरशी ओली आहे. पडशील."

पोरगी कडेकडेनं गेली. बोळ पुन्हा रिकामा झाला. ज्या जागी पावलं उमटली होती तिथं दिशा वाकली आणि पहिल्यापासून पुसायला लागली. तिनं अजून बापाला पाहिलं नव्हतं. गोटीरामच्या पायांना बाजारातला चिखल होता. फरशी वाळेपर्यंत तो डबा हातात धरून तिथंच उभा राहिला.